उत्तर मिळालं का?

सुलेखा देवस्थळीला राग आला की ती भांडी आपटत नाही, कपाटं आवरते. त्या जानेवारीत अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या तिच्या घरातली एकूण एक कपाटं आवरून झाली, गराजमधलं रंगाच्या डब्यांचं कपाटसुद्धा सुटलं नाही, आणि राग मात्र जागचा हलला नव्हता. नवरा श्रीरंग घरात पावलं न वाजवता फिरत होता.

रागाचं कारण होतं एक आकडा. दिवसाला तीन.

आता हा आकडा समजायचा तर बाई नोकरी कसली करते ते आधी सांगायला हवं, कारण तिच्या सासरी-माहेरी ते अजून कुणालाही धड कळलेलं नाही. घरापासून गाडीनं चाळीस मिनिटांवर एक युनिव्हर्सिटी आहे, तिच्या लायब्ररीत ती रेफरन्स लायब्रेरियन. म्हणजे पुस्तकं देते-घेते का? नाही. रॅकवर लावते का? तेही नाही. मग पगार कशाचा घेते, असं तिच्या मोठ्या दिरांनी एकदा फोनवर विचारलंही होतं. तर बाई दाराजवळच्या लांब टेबलामागे बसते आणि येणाऱ्याला जे सापडत नाहीये ते शोधून देते. ऐकायला सोपं वाटतं ना? वाटू दे. माणसं जे मागतात तेच त्यांना हवं असतं असं नाही, हे या कामातलं पहिलं दुखणं. एकदा एक मुलगी आली, म्हणाली, पोलंडवरची पुस्तकं कुठे आहेत? दुसरं कुणी असतं तर 'तिसरा मजला' म्हणून मोकळं झालं असतं. सुलेखानं तिला खुर्ची दिली आणि नेहमीचं विचारलं, "बरं, आणि कशासाठी हवीत?" बोलता बोलता निघालं काय, तर पोरीला पोलंडशी काही देणंघेणं नव्हतं. तिची पणजी कुठल्या बोटीनं अमेरिकेत उतरली ते तिला हवं होतं, आणि त्या पणजीनं आयुष्यभर आपलं वय आणि गाव दोन्ही खोटं सांगितलेलं. ती बोट सापडायला वीस दिवस लागले. वीस दिवसांनी सुलेखानं नोंद केली: प्रश्न एक.

सगळी गोम इथेच आहे. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये एक छोटा फॉर्म असतो. कुणी काहीही विचारलं की भरायचं: काय विचारलं, किती मिनिटं लागली, आणि शेवटी 'उत्तर मिळालं का' यापुढे हो किंवा नाही. बाकीच्या लायब्रऱ्यांतले लोक दिवसभर 'हो, हो' करत बसतात. सुलेखा मात्र अमरावतीच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत शिकून आलेली. तिथल्या गावंडे सरांचा नियम होता, वाचकाचं काम तडीस गेलं की मगच रजिस्टर उघडायचं. अर्ध्या कामाची नोंद म्हणजे चक्क लबाडी. लग्न होऊन ती इथे आली. व्हिसामुळे चार वर्षं नोकरी करता येईना, तेव्हा पब्लिक लायब्ररीत फुकट पुस्तकं लावली. मग इथली डिग्री घेतली. या टेबलामागे बसून चोवीस वर्षं झाली, केस पांढरे झाले, पण गावंडे सरांचा नियम काही सुटला नाही. काम पूर्ण झालं तर नोंद. विद्यार्थी परत आलाच नाही तर नोंद नाही. आणि 'बाथरूम कुठे आहे' याची नोंद? छे! असल्या प्रश्नाला रेफरन्स म्हणायची तिला लाज वाटायची.

पूर्वी त्या टेबलाला पाच जण होते. एकेक रिटायर होत गेला, जागा कुणी भरल्या नाहीत, शेवटी ती एकटी उरली. त्यामुळे टेबलाचा आकडा म्हणजे तिचाच आकडा. आणि तो आकडा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नैनानं तिच्यापुढे ठेवला.

नैना म्हणजे मंजुषाची मुलगी. मंजुषा सुलेखाची जुनी मैत्रीण, त्यामुळे नैना हिच्या डोळ्यांदेखत वाढलेली. तीच पोर आता लायब्ररीची असोसिएट डीन, म्हणजे सुलेखाची साहेब. गणपतीत भेटली की 'सुलेखामावशी' म्हणायची आणि ऑफिसात नुसतं 'सुलेखा'. त्यात सुलेखाला कधी काही खटकलं नव्हतं. त्या दिवशी काचेच्या केबिनचं दार लावून घेत नैना 'मावशी' म्हणाली, तेव्हा मात्र खटकलं.

"मावशी, थ्री. दिवसाला तीन प्रश्न. डीन म्हणतात मेमध्ये डेस्क बंद करू. तिथे सोफे टाकू. क्वेश्चन्ससाठी स्काउट आहेच."

स्काउट म्हणजे लायब्ररीच्या वेबसाइटवरचा नवा चॅटबॉट. चोवीस तास जागा, चहाला न उठणारा, आणि 'मला ठाऊक नाही' हे वाक्य ज्याला कुणी शिकवलेलंच नाही असा.

"अगं, तीन कसे? तीसेक माणसं तरी येतात रोज!"

"देन व्हाय डिडंट यू लॉग देम?"

सुलेखानं गावंडे सरांचा नियम सांगितला. सांगता सांगताच तिच्या लक्षात आलं की या काचेच्या खोलीत आपण शुद्ध मूर्ख दिसतोय. चोवीस वर्षं इमानेइतबारे काम केलं आणि त्याचा पुरावा आपल्याच हातानं ठेवला नाही. नैनानं डोकं धरलं.

"मावशी, मी तुझ्या साइडला आहे, ओके? मार्च एंडपर्यंत मला दिवसाला चाळीस दाखव. मी भांडते डीनशी. पण रिकाम्या हातानं मी नाही भांडू शकत."

घरी आल्यावर श्रीरंगनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग मार की त्या फॉर्मवर टिका. त्यात काय एवढं, यार? आमच्या कंपनीत प्रोग्रॅममध्ये एक बग सापडला तर त्याची पाच तिकिटं, म्हणजे पाच कामं म्हणून नोंद करतात."

"करत असतील तुमच्यात."

"म्हणून आमचं डिपार्टमेंट अजून चालू आहे," तो म्हणाला. म्हणाला आणि जीभ चावली, पण उशीर झाला होता. सुलेखा उठून गराजमध्ये गेली ती तासभर आली नाही. रंगाच्या डब्यांचं कपाट आवरलं गेलं ते त्या दिवशी.

टिका मारायच्या नाहीत असं तिनं ठरवलं होतं, आणि ते पंधरा दिवस टिकलंही. त्या पंधरा दिवसांतच स्वानंदी आली.

स्वानंदी नागपूरची, पब्लिक हेल्थमध्ये पीएचडी करणारी, दुसऱ्या वर्षाला. बाहेर हा एवढा बर्फ, आणि ही मुलगी पातळ जाकिटात कुडकुडत उभी. हातात अकरा शोधनिबंधांची यादी. "मॅम, यातले सात मिळतच नाहीयेत," ती म्हणाली. सुलेखानं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि दोन मिनिटांत 'मॅम'ची 'मावशी' झाली. यादी आली कुठून? एका चॅटबॉटकडून. सुलेखाच्या डोक्यात तिडीक गेली. गेलं वर्षभर हाच तमाशा चालला होता. पोरं न लिहिलेले लेख शोधायला यायची. लेखकाचं नाव खरं, मासिक खरं, साल खरं वाटावं असं, आणि लेख म्हणाल तर जन्मालाच आलेला नाही! जे नाही ते नाही हे सिद्ध करायला दुप्पट वेळ लागतो, आणि तो वेळ कुठल्या फॉर्ममध्ये भरायचा?

"बरं, आणि हे कशासाठी हवंय?" तिनं विचारलं.

स्वानंदीचा विषय होता विदर्भातल्या वीटभट्ट्यांवर काम करणाऱ्या गरोदर बाया आणि उन्हाळ्यातली उष्णता. बोलता बोलता कळलं की तिची आई अशाच भट्टीपाशी अंगणवाडी चालवायची. दरवर्षी मे महिन्यात किती बायांचा गर्भ पडायचा ते आई वहीत लिहून ठेवायची, आणि ती वही अमेरिकेतला कुठलाही प्रोफेसर पुरावा म्हणून मानणार नव्हता. मुलीला खरं हवं होतं ते हे: आईनं पाहिलं ते आणखी कुणी मोजलंय का?

सुलेखानं तीन दिवस घातले. जेवणाचा डबा टेबलावरच उघडला. जिल्ह्याचे जुने आरोग्य अहवाल धुंडाळले, विदर्भातल्या एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथपालांना भल्या पहाटे उठून फोन केला, आणि त्या भल्या माणसानं तळघरातल्या एका जुन्या प्रबंधाची पानं फोटो काढून पाठवली. त्यात भट्ट्यांवरच्या दोनशे बारा बायांची मोजदाद होती. स्वानंदी ती पानं बघून तिथेच टेबलापाशी ढसाढसा रडली. सुलेखानं तिला टिश्यूचा डबा दिला, स्वतः जरा छताकडे बघितलं, आणि मग फॉर्म भरला. प्रश्न एक. उत्तर मिळालं: हो.

त्या दिवसाचा आकडा होता एक.

आठवड्याअखेर नैनाची मेल आली: सरासरी अडीच. खाली नुसतं प्रश्नचिन्ह. सुलेखानं ती मेल दहा वेळा वाचली असेल. तीन दिवस जीव काढून काम केलं आणि आकडा खाली! म्हणजे जितकं चांगलं काम करावं तितकं आपलं टेबल लवकर उचललं जाणार. चुलीत गेला तो नियम, ती मनात म्हणाली. गावंडे सरांच्या कॉलेजात टेबलं कुणी उचलत नव्हतं.

आणि मग बाईनं जे सुरू केलं ते बघण्यासारखं होतं. बाथरूम कुठे? टिक. प्रिंटरमध्ये कागद अडकला? टिक. वाय-फायचा पासवर्ड, किती वाजता बंद होतं, हा जिना वर जातो का? टिक, टिक, टिक. जाता-येता 'हाय' म्हणणाऱ्यालाही ती 'काही हवंय का?' विचारायची आणि त्यानं 'नको' म्हटलं तरी एक टिक. दुसऱ्या मजल्यावरचा स्टेपलर तिनं खाली आणून आपल्या टेबलावर ठेवला, कारण स्टेपलरसाठी पोरं कुठूनही येतात. बाथरूमची दिशा दाखवणारा कागद भिंतीवरून एक दिवस पडला. पडला म्हणजे तिनंच काढला. आकडा बावीसवर गेला, एकतीसवर गेला. पहिले काही दिवस तिला घरी जाऊन हात धुवावेसे वाटायचे. मग वाटेनासं झालं. खरं सांगायचं तर मजा यायला लागली, आणि हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. संध्याकाळी गाडीत बसायच्या आधी ती आकडा बघायची, आणि अडतीस दिसला की दोनसाठी परत आत जायची.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी पावणेपाच वाजता स्वानंदी पुन्हा आली. त्या दिवशी आकडा होता एकोणतीस. टेबलापुढे सहा जणांची रांग होती, तिघांना स्टेपलर हवा होता, एकाचा प्रिंटर अडकला होता. स्वानंदी रांगेत उभी राहिली. नंबर आला तेव्हा म्हणाली, "मावशी, माझं प्रपोजल सोमवारी द्यायचंय. एकाच वाक्याला आधार हवाय. किती तापमानाच्या वर गर्भाला धोका वाढतो, त्याचे दोन चांगले संदर्भ. मला भरपूर मिळाले, पण एकमेकांशी जुळत नाहीत. बसू का जरा तुमच्यापाशी?"

जुळत नाहीत. खुर्ची द्यावी असाच तो प्रश्न होता, हे सुलेखाला त्या क्षणी कळलं होतं. पुढे तिनं स्वतःला किती समजावलं तरी ते कळलं नव्हतं असं तिला म्हणता आलं नाही. पण मागे पाच जण उभे होते. पाच माणसं म्हणजे पाच टिका. हिला बसवलं तर ती पाचही निघून जाणार.

"स्काउटला विचार ना," ती म्हणाली. "आता सुधारलाय तो. लायब्ररीचेच डेटाबेस बघतो. दोन संदर्भ काय, चुटकीसरशी देईल."

"नक्की, मावशी?"

"अगं हो. काही अडलं तर ये."

स्वानंदी "थँक यू, मावशी" म्हणून गेली. सुलेखानं फॉर्म भरला: गर्भ आणि तापमानावर दोन संदर्भ हवे होते, चार मिनिटं, उत्तर मिळालं: हो. मग पुढच्याला स्टेपलर दिला. त्या दिवशी आकडा एक्केचाळीस झाला.

एक एप्रिलला डीननं रिपोर्ट बघितला आणि टेबल आणखी एक वर्ष राहील असं ठरलं. नैना धावत खाली आली, सगळ्यांसमोर 'मावशी!' म्हणून गळ्यात पडली. श्रीरंग त्या रात्री बाहेर जेवायला घेऊन गेला आणि एकदाही 'मी सांगितलं होतं ना' म्हणाला नाही. सुलेखानं बऱ्याच दिवसांनी पोटभर खाल्लं.

तीन आठवड्यांनी स्वानंदी आली ती रांगेत उभी राहिली नाही. बाजूला, खांबापाशी थांबली. टेबल रिकामं झालं तेव्हा पुढे आली आणि एक कागद ठेवला. प्रपोजलमधला एक संदर्भ प्रोफेसरांनी शोधला, तो मिळाला नाही. मग दुसरा शोधला. दोन्ही बनावट. प्रकरण चौकशी समितीकडे गेलं होतं. दोषी ठरली तर एक वर्ष निलंबन, आणि निलंबन झालं की विद्यार्थी म्हणून मिळालेला व्हिसाही गेला. सरळ नागपूर.

"पण तू तपासून नाही का बघितलंस?" सुलेखाच्या तोंडून निघून गेलं. "पहिल्याच वेळी एवढं झालं होतं ना आपलं?"

"बघणार होते," स्वानंदी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "मग वाटलं, मावशींनी सांगितलंय म्हणजे ठीक असेल. म्हणून नाही बघितलं."

सुलेखाला तोंडात मारल्यासारखं झालं. तिनं कागद पुढे ओढला. मागच्या बाजूला समितीनं लिहिलं होतं: विद्यार्थिनीचं म्हणणं आहे की तिनं लायब्ररीच्या रेफरन्स डेस्कला विचारलं होतं आणि डेस्कनं तिला चॅटबॉटकडे पाठवलं. आम्ही लायब्ररीकडून नोंद मागवली. नोंदीनुसार विद्यार्थिनीच्या प्रश्नाला त्याच दिवशी डेस्कवर चार मिनिटांत पूर्ण उत्तर देण्यात आलं. सबब विद्यार्थिनीचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही.

म्हणजे मुलगी खरं बोलत होती, आणि तिला खोटं पाडलं होतं सुलेखाच्या त्या 'हो'नं. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या एका नोंदीवर, नुसत्या आकड्यावर नव्हे, कुणीतरी विश्वास ठेवला होता, आणि नेमकी तीच नोंद खोटी होती!

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं पत्र लिहिलं. फार लांब नव्हतं. त्या नोंदीत हो लिहिलंय ते मी लिहिलं, आणि ते खरं नाही. विद्यार्थिनी योग्य प्रश्न घेऊन माझ्याकडे आली होती. मागे रांग होती आणि मला आकडा वाढवायचा होता, म्हणून मी तिला चॅटबॉटकडे पाठवलं, असले बॉट खोटे संदर्भ देतात हे ठाऊक असून. फेब्रुवारीपासूनच्या माझ्या बऱ्याच नोंदी अशाच आहेत. लिहिताना तिला भीती वाटत नव्हती, संताप येत होता. डीनवर संताप, स्काउटवर संताप, त्या फॉर्मवर आणि त्या सोफ्यांवर संताप. पण खापर फोडायला कुणाचंही डोकं शोधलं तरी 'अगं हो' म्हणणारं तोंड आपलंच होतं, याचा काही उपाय नव्हता.

पाठवायच्या आधी ती वर नैनाच्या केबिनमध्ये गेली आणि लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. तिच्या पाठीमागून परस्पर पाठवणं तिला बरं वाटलं नसतं. नैनानं एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. तिचा चेहरा उतरला.

"मावशी, हे पाठवलंस तर माझा पूर्ण रिपोर्ट खोटा ठरतो. डीन विल क्लोज द डेस्क. या मेमध्येच."

"ठाऊक आहे."

"आणि तुझं काय? यू कुड लूज युवर जॉब."

"तेही ठाऊक आहे."

"आपण दुसरं काहीतरी करू ना. मी बोलते कमिटीशी, हळूच. तिला वॉर्निंगवर सोडतील." नैना आता अगदी लहानपणीसारखी काकुळतीला आली होती. "बिकॉज, मावशी, तू काय असं मोठं केलंस? चार मिनिटं दिलीस. सगळीकडे तेवढीच देतात. इट्स नॉर्मल!"

"हो ना," सुलेखा म्हणाली. "मग तेवढ्यासाठी टेबल कशाला हवंय गं?"

सुलेखानं लॅपटॉप आपल्याकडे वळवला, पत्र पाठवून दिलं आणि जिना उतरून खाली गेली, कारण जेवणाची सुट्टी संपत आली होती.